काटा कोणत्या बाजूने?

दिवाळी सरली की भडगावात दोन गोष्टी एकदम बाहेर पडतात. ट्रंकेतली स्वेटरं आणि बांधावरचे सराटे. स्वेटरांचं फारसं काही नाही. खानदेशातला हिवाळा म्हणजे सकाळी कानटोपी आणि दुपारी बनियन, त्यामुळे स्वेटर अंगापेक्षा सायकलच्या कॅरिअरवरच जास्त वेळ असतं. सराट्यांना मात्र काम असतं. पावसाळ्यात जमिनीला चिकटून पसरलेला, पिवळ्या फुलांचा हा गरीब चेहऱ्याचा वेल आता वाळून गेलेला असतो. त्याच्या एकेका फळाची पाच शकलं होतात, प्रत्येक शकलाला टणक शिंगं असतात आणि ते कसंही पडलं तरी एक शिंग आभाळाकडे बघतच राहतं. त्यात शेताच्या कुंपणासाठी बाभळीच्या फांद्या लादून नेणाऱ्या बैलगाडीची भर. शाळेला निघालेली पोरगी गिरणेचा पूल ओलांडते न ओलांडते तोच मागच्या चाकातून एक लांब सुस्कारा ऐकू येतो. पोरगी खाली उतरते आणि उरलेला रस्ता सायकलला चालवत नेते.

याच दिवसांत, भडगावच्या बरंच उत्तरेला, फिनलंडमधल्या ओउलू नावाच्या शहरात माणसं आपल्या सायकलच्या टायरांना मुद्दाम काटे लावून घेत असतात. विकत. शिवाय काटे नीट बसले आहेत ना, एखादा गळून तर पडला नाही ना, हे वाकून तपासत असतात.

ही बातमी भडगावच्या एखाद्या सायकल मार्टपुढे सांगून बघावी. टायर उलटा करून आतून बोट फिरवत काटा शोधणारा माणूस मान वर करतो. "हाई काय शे भो?" असं त्याच्या चेहऱ्यावर आधी उमटतं आणि तोंडातून नंतर येतं. ज्या वस्तूला हुडकून चिमट्याने उपटण्यात त्याची अर्धी हयात गेली, ती वस्तू परदेशात दोन-अडीचशेच्या संख्येने बसवून मिळते, यावर त्याचा विश्वास बसावा तरी कसा?

पण मिळते. त्याला आपण खिळ्यांचा टायर म्हणू. जाड रबरावर ठरावीक अंतराने छोट्या धातूच्या खुंट्या बसवलेल्या असतात आणि त्यांची टोकं रबराबाहेर जेमतेम एक-दीड मिलिमीटर डोकावतात. एवढंच. बाभळीचा जुना काटा पाच-सात सेंटिमीटर सहज भरतो, तेव्हा आपल्या मापाने हे काटेसुद्धा नव्हेत, काट्यांची पिल्लं आहेत. पण गुळगुळीत बर्फावर ही पिल्लं नखं रोवून धरतात आणि सायकलस्वाराला उभा ठेवतात. भुसभुशीत ताज्या हिमावर त्यांचा विशेष उपयोग नसतो, तिथे रुंद आणि खोल नक्षीचा टायर लागतो. खिळे लागतात ते काचेसारख्या बर्फासाठी. दिवसा थोडा वितळून रात्री पुन्हा गोठलेला, वर पाण्याचा पातळसा थर असलेला बर्फ हा त्यातला सर्वांत हरामखोर. केळीच्या सालीवरून घसरणं ही कल्पना ज्या जळगाव जिल्ह्याला व्यवसायामुळे नीट समजते, त्याला एवढं वर्णन पुरे.

या टायरांचं घराणं मोठं मजेचं आहे. फिनलंडमध्ये नोकिया नावाचं गाव आहे. होय, तोच नोकिया. आज ज्यांच्या घरात मुलांनी स्मार्टफोन आणून ठेवले आहेत, त्या भडगाव परिसरातल्या शेतकऱ्यांनी एके काळी नोकिया ११०० च्या टॉर्चवर रात्रीची पाणी भरायची पाळी काढलेली आहे. तो फोन २००३ साली आला. त्या कंपनीच्या पूर्वजांत कागद, केबल आणि रबर असे तीन भाऊ होते आणि १९६७ साली त्यांचं एकत्र कुटुंब झालं. रबरवाला भाऊ गमबूट आणि टायर करायचा. त्याने १९३४ मध्ये खास हिवाळ्यासाठी गाडीचा टायर काढला आणि दोनच वर्षांत त्याच्या वंशात 'हाक्कापेलिट्टा' हे नाव आलं. पुढे १९८८ मध्ये टायरवाले वेगळे निघाले. आपल्याकडे भाऊबंदकीत बांध कोरतात, त्यांनी कंपनी कोरली.

हाक्कापेलिट्टा म्हणजे सतराव्या शतकातले फिनिश घोडेस्वार. 'तुटून पडा, कापून काढा' अशा अर्थाची त्यांची युद्धगर्जना होती, तिच्यावरून ते नाव पडलं. आपल्याकडे एखाद्याने टायरला 'हर हर महादेव' हे नाव दिलं असतं तर जो परिणाम झाला असता, तोच तिकडे झाला. याच नावाचे सायकलचे खिळेरी टायरही निघाले आणि त्यांचं बारसं फार प्रामाणिक होतं. डब्ल्यू १०६ या टायरला १०६ खिळे, डब्ल्यू २४० ला २४०. ग्राहकाने घरी नेऊन मोजून घ्यावेत. आपल्याकडच्या 'सुपर', 'डिलक्स' आणि 'गोल्ड' या टायरांत नक्की काय जास्त असतं, हे अजून कोणाला मोजता आलेलं नाही.

खिळा साध्या लोखंडाचा असेल तर डांबरावर थोड्याच दिवसांत झिजून बोथट होतो. म्हणून त्याच्या टोकाला टंगस्टन कार्बाइड बसवतात. हा शब्द ऐकून घाबरण्याचं खानदेशात कारण नाही, कारण हा पदार्थ आपल्या शेताशेतातून जमिनीत गेलेला आहे. बोअरवेलची गाडी येते, तिच्या बिटच्या तोंडावर जी गोलसर बटणं चमकत असतात ती याच कार्बाइडची. पाणी लागो न लागो, खडक फोडायचं काम ती चोख करतात. तर ज्या वस्तूने भडगावचा माणूस तीनशे फूट खाली पाणी शोधतो, त्याच वस्तूने ओउलूचा माणूस गोठलेल्या पाण्यावर सायकल चालवतो. एकाला पाणी मिळत नाही म्हणून, दुसऱ्याला ते जागोजागी आडवं येतं म्हणून.

नवे खिळेरी टायर आणले की लगेच शौर्य गाजवायचं नसतं. पहिले चाळीस-पन्नास किलोमीटर सरळ रस्त्यावर, करकचून ब्रेक न लावता, सबुरीने चालवायचे म्हणजे खिळे आपापल्या घरात घट्ट बसतात. भडगावकराला हे करायचं झालं तर पाचोऱ्याला दोनदा जाऊन यावं लागेल, आणि तेवढ्यात त्या टायरांना खालून आणखी काही खिळे फुकट मिळतील ही गोष्ट वेगळी. शिवाय आवाज. कोरड्या रस्त्यावर खिळ्यांचा टायर असा तडतडतो की जणू कोणी सायकलवर बसून अखंड फोडणी देत चाललं आहे. मोहरी संपतच नाही. त्यामुळे या सायकलला घंटीची गरज नसते.

आणखी एक नियम. एकच टायर परवडत असेल तर तो पुढच्या चाकाला लावायचा. मागचं चाक घसरलं तर माणूस कंबर हलवून सावरतो, पुढचं घसरलं तर सावरण्याचा विचार मनात येईपर्यंत तो आडवा झालेला असतो. 'एकच परवडत असेल तर' हे वाक्य उगाच नाही. चांगल्या खिळेरी टायरच्या जोडीत आपल्याकडे साधी नवी सायकल येते, तीही स्टँड, कॅरिअर आणि कुलपासकट.

म्हणून तिकडेही जुगाड आहे. युरोप-अमेरिकेतली माणसं सगळं रीतसर दुकानातून आणतात असा आपला एक समज असतो, तो काढून टाकावा. तिथले हौशी सायकलवाले जुना जाडसा टायर घेतात, आतल्या बाजूने पत्र्याचे स्क्रू पिळून त्यांची टोकं बाहेर काढतात आणि स्क्रूच्या डोक्यांनी ट्यूब कापू नये म्हणून आत जुन्या ट्यूबचं अस्तर घालतात. हे अस्तर वाचून खानदेशातल्या कुठल्याही सायकलवाल्याच्या डोळ्यांत ओळख चमकेल. तो हेच करतो! जुनी ट्यूब मधोमध चिरून टायर आणि नव्या ट्यूबच्या मध्ये घालतो, टायर फाटला असेल तिथे गेटर लावतो. कारागिरी तीच, अस्तर तेच, फक्त टोक कुठल्या बाजूला असावं याबद्दल दोन्ही घराण्यांत मतभेद आहेत.

चाकाला नसले तरी पायाला खिळे मारणं आपल्याला नवं नाही. बैलाच्या खुरांना पत्र्या मारणारा नालबंद हे पिढ्यानपिढ्या करत आला. बैलाचं खूर दुभंगलेलं, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. बैल आडवा पाडायचा, पाय बांधायचे, खिळे ठोकायचे. हे खडी आणि डांबराच्या रस्त्यासाठी. बर्फाच्या मुलखात घोड्यांच्या नालांनाही हिवाळ्यापुरते टोकदार खिळे मारत. त्या हिशोबाने खिळ्यांचा टायर म्हणजे सायकलला केलेली नालबंदीच, फक्त सायकल पाडावी लागत नाही. ती नंतर स्वतःहून पडते.

खिळ्यांवर सगळं जग खूश आहे असंही नाही. गाड्यांच्या खिळेरी टायरांनी रस्ते खरवडून निघतात म्हणून जर्मनीने १९७५ मध्ये ते बंद केले. जपानमध्ये सेंदाईसारख्या शहरांत हिवाळ्यात खिळ्यांनी उखडलेल्या डांबराची इतकी धूळ उडू लागली की १९९० मध्ये त्यांच्याविरुद्ध कायदा करावा लागला. खिळ्यांमुळे धूळ झाली म्हणून कायदा! आपल्याकडे रस्त्याच्या चौपदरीकरणाने जी धूळ कपाशीच्या बोंडावर बसते, तिला एकही खिळा लागलेला नाही. सायकल मात्र वजनाने हलकी, ती रस्त्याचं काय खरवडणार, म्हणून तिचे खिळे बहुतेक ठिकाणी चालवून घेतात.

ओउलूचं शहाणपण तर याच्याही पुढचं आहे. तिथे सायकलरस्ते हिवाळाभर साफ करतात, पण हिम पार खरडून टाकत नाहीत. खाली दाबून टणक, खरखरीत थर ठेवतात, त्यामुळे पुष्कळ लोक साध्या टायरवरच जातात. मेत्सोकांगास नावाच्या एका शाळेत बाराशे मुलांपैकी हजाराच्या आसपास मुलं ऐन थंडीत, शून्याखाली सतरा अंशांतसुद्धा, सायकलने येतात आणि शाळेपुढे हिमात सायकलींचा गंज लागतो. हिवाळी सायकलिंगची जागतिक परिषद २०१३ मध्ये पहिल्यांदा भरली तीही ओउलूलाच. भडगावात अशी परिषद भरवायची तर मे महिन्यात भरवावी. पंचेचाळीस अंशांत दुपारी दोन वाजता हँडलला उघड्या हाताने धरून दाखवणं हा त्यातला पहिला परिसंवाद.

मग खानदेशात बर्फ नाहीच का? आहे, पण मोजून. नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब परिसरात सातपुड्याच्या माथ्यावर कडाक्याच्या थंडीत पहाटेचे दवबिंदू गोठतात. गवतावर, गाडीच्या टपावर पांढरी साय धरते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तिचा फोटो येतो. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठीही तसंच. धुळ्यात कृषी महाविद्यालयाच्या तापमापकावर पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरला की सगळा खानदेश शेकोटीभोवती बसून त्या आकड्याचा अभिमान बाळगतो. पण डाबचं ते हिम ऊन चढलं की उडून जातं. त्याच्यावर खिळ्यांचा टायर चालवायचा तर आदल्या रात्रीच जाऊन मुक्काम करावा लागेल, आणि तरीही टायरपेक्षा बर्फाचा थर पातळ निघेल.

भडगावचा खरा बर्फ जून ते सप्टेंबर पडतो आणि तो काळा असतो. कपाशीची काळी जमीन एकदा भिजली की शेतरस्त्यावरची सायकल दहा पावलं जाते. अकराव्या पावलाला चिखलाचा गारा मडगार्ड आणि चाक यांच्या मधली जागा भरून काढतो आणि चाक फिरायचं थांबतं. मग काडीने गारा उकरायचा, पुन्हा दहा पावलं. तिसऱ्या खेपेला माणूस सायकल खांद्यावर घेतो. मघाशी शाळकरी पोरगी सायकलला चालवत नेत होती, आता सायकल माणसाच्या खांद्यावर आहे. या काळ्या बर्फावर फिनलंडच्या खिळ्यांचाही इलाज चालायचा नाही. खिळ्यांना धरायला काहीतरी टणक लागतं. इथे उलट जमीनच टायरला धरते.

आता पुन्हा सराट्याकडे, कारण खरी गंमत त्याच्यापाशी आहे. या काट्याचं दुसरं नाव गोखरू. आयुर्वेद त्याला गोक्षुर म्हणतो, दशमुळांत बसवतो आणि मूत्रविकारांवर देतो. म्हणजे जी वस्तू रस्त्यात फुकट टोचते ती दुकानात पैसे देऊन घ्यावी लागते. लढाईत हत्ती-घोड्यांच्या वाटेवर पसरायच्या लोखंडी काट्यांनाही गोखरूच म्हणत. रोमन लोकांनीही त्या हत्याराला आणि या वनस्पतीला एकच नाव दिलं, ट्रिब्युलस. एक टोक सदैव वर ठेवायची अक्कल माणसाने या वेलाकडून घेतली असावी असा दाट संशय येतो.

हाच गोखरू अमेरिकेत पोहोचला. भूमध्य समुद्राकडच्या जनावरांबरोबर गेला असावा असं मानतात. म्हणजे खानदेशातून नव्हे, पण कुळी एकच. तिथल्या पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांत त्याने सायकलवाल्यांचं जगणं इतकं अवघड केलं की त्याचं नावच 'पंक्चरचा वेल' पडलं. वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात इतकं नेमकं नाव फार थोड्या झाडांना मिळालं असेल. १९६१ मध्ये त्याला आवरायला दोन जातींचे सोंडे सोडण्यात आले, ज्यांचं माहेर भारत, फ्रान्स आणि इटली. आपल्याकडे सोंडे ज्वारीच्या कोठीत सापडले तर उन्हात वाळवण घालतात, तिकडे त्यांच्या भाऊबंदांना सरकारी नोकरी मिळाली. आयडाहो राज्यातल्या बॉइसी शहरात तर २०१८ पासून या काट्याच्या नावाने सायकलींचा उत्सव भरतो. लोक आधी गोण्या भरभरून गोखरू उपटतात, मग नटूनथटून सायकलींची मिरवणूक काढतात. आपल्याकडे ज्या वस्तूची मिरवणूक निघते ती उपटण्याची पद्धत नाही, जी उपटतात तिची मिरवणूक नाही. त्यांनी दोन्ही जमवलं.

आणि अमेरिकेने आपल्याला काय दिलं? वेडी बाभूळ. मेक्सिकोकडचं हे झाड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांच्या काळात भारतात आलं, ओसाड जमिनीवर हिरवळ आणि सरपण म्हणून. आता ते नदीकाठ, पाटाची कड, गायरान, जिथे जागा मिळेल तिथे उभं आहे. थोडक्यात, जुन्या जगातल्या काट्याने अमेरिकेचे टायर फुटतात आणि अमेरिकेतल्या काट्याने भडगावचे. दोन खंडांमधला याहून चोख फिटंफाट व्यवहार शोधून सापडणार नाही.

या सगळ्याचा दोष कुणाला द्यायचाच झाला तर तो एका गुरांच्या डॉक्टरला द्यावा लागेल. जॉन बॉइड डनलप हा मूळचा स्कॉटलंडचा माणूस बेलफास्टमध्ये जनावरांवर उपचार करायचा. आपल्या मुलाची तीनचाकी फार खडखडते म्हणून १८८८ च्या सुमारास त्याने चाकांना हवेची रबरी नळी गुंडाळली. त्याआधीचे टायर भरीव होते. हाडं खिळखिळी करत, पण पंक्चर होत नसत. मग १८९१ मध्ये मिशलँ बंधूंनी सहज काढता-घालता येणारा टायर आणला आणि पंक्चर काढणं हा धंदा म्हणून शक्य झाला. म्हणजे भडगावच्या चौकातल्या पंक्चरवाल्याच्या घमेल्यातलं पाणी, कानस, सोल्युशनची ट्यूब, जुन्या ट्यूबमधून कापलेली ठिगळं हा सगळा संसार एका पशुवैद्याने उभा करून दिलेला आहे.

तो संसार बघायला पाच मिनिटं थांबावं. पान्ह्याने टायर उचकटला जातो, ट्यूब बाहेर येते, घमेल्यातल्या पाण्यातून वीत-वीत फिरते. कुठेतरी बुडबुड्यांची एक बारीक माळ वर येते. तिथे बोट ठेवायचं, पुसायचं, कानस मारायची, सोल्युशन लावायचं, फुंकर घालायची, ठिगळ चिकटवायचं, हातोडीने दोन ठोके. मग नवखा आणि जुना यांतला फरक दिसतो. नवखा लगेच टायर चढवतो आणि तोच काटा पुन्हा टोचतो. जुना आधी टायरच्या आत बोटं फिरवतो. डोळ्यांना न दिसणारं टोक बोटाला लागतं, तो "हा बघा" म्हणून ते चिमट्याने उपटतो आणि गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवतो. डॉक्टर काढलेला दात देतात तसा. ओउलूत याच्या बरोबर उलट चालतं. तिथे टायरला एखादा खिळा कमी दिसला तर दुकानदार सुटा खिळा आणून जागेवर बसवून देतो.

शेवटी एक उपयोगाची गोष्ट. सध्या दिवस काट्यांचे आहेत. गिरणेच्या पुलापलीकडे, दुकान लांब असताना, टायरात बाभळीचा काटा रुतलेला दिसला तर रागाच्या भरात तो उपटू नका. भोक पाडलं त्यानेच असलं तरी ते बुजवूनही तोच बसलेला असतो. हवा हळूहळू जाते, पण जाते. वाटेत एखाद्याकडून पंप मागून घ्या, हवा भरा आणि काट्यासकट गावात या. पंक्चरवाला तो काढेल.